विकणार नाही, असं मी म्हणालो

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मला बोलायला फारसं जमत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

काल रामकुंडावर प्रतिभाचा दहावा झाला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर कावळे भरपूर होते, खाली मात्र एकही येत नव्हता. गुरुजी म्हणाले, "बाईंचा जीव कशात अडकला असेल तर बोला." मेव्हणा कुंदन पुढे झाला. "ताई, सृष्टीच्या शिक्षणाची काळजी करू नको, मी आहे." काही झालं नाही. सृष्टी म्हणाली, "मम्मी, पप्पांना मी सांभाळते." तरी नाही. माझी आई म्हणाली, "बाई, तुझ्या तुळशीला पानी घालीन मी. ये आता." ऊन वाढत चाललं होतं. पिंड ठेवल्यापासून मी त्याच्याजवळच उभा होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चारचौघांत बोलत नाही, पण म्हणालो, "प्रतिभा, तुझे शेअर विकणार नाही. एकही नाही."  मी मागे जाऊन पायरीवर बसलो. वर बघितलं तर कावळा पिंडावर आला होता. मग आणखी आले.

परतताना जो तो म्हणत होता की बाईचा जीव शेअरमध्ये होता. मलाही तसंच वाटतं. शेअरचंच का बोललो ते मला सांगता येणार नाही. घरात पूर्णपणे तिचं असं तेवढंच होतं.



८ फेब्रुवारी, शनिवार

चार वाजता प्रतिभाच्या बायका आल्या. प्रतिभा शाळेच्या ऑफिसात हिशेब बघायची आणि शनिवारी दुपारी आमच्या सिडकोतल्या घरी कॉलनीतल्या पाच-सहा बायका शेअरचं बोलायला जमायच्या. गेली काही वर्षं हे चालू होतं. त्या वेळी मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायचो. हसण्याचे आवाज यायचे, एवढंच मला माहीत.

आज त्या भेटायलाच आल्या होत्या. चहा झाला.  शेवटी शेजारची स्नेहल म्हणाली, "भाऊ, आज विचारू नये, पण आम्ही विचारायचं तरी कोणाला? माझा पाइपवाला शेअर निम्म्यावर आलाय. आणखी घेऊन खरेदीची सरासरी खाली आणू का?"

मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही."

सावित्रीताई म्हणाल्या, "अगं, प्रतिभाने आधी काय विचारलं असतं? कारण बोल." सावित्रीताई सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या नर्स आहेत. त्यांनी मला समजावून सांगितलं. प्रतिभाचा नियम असा होता की शेअर घेण्याआधी सगळ्यांसमोर कारण मोठ्याने बोलायचं, एकाच वाक्यात, आणि तेही सासूला समजेल असं. नुसतं 'वाढेल' म्हटलेलं चालायचं नाही. माझी आई कळवणहून आलेली असली की तिलाच मध्ये बसवायच्या. आईला पटलं तर पुढे जायचं.

आई इथेच आहे. ती म्हणाली, "त्या पाइपाला गिऱ्हाईक हाय का नाय आता?"

"आहे की आजी."

"मंग पडला कशानं?"

"सगळेच पडलेत."

"सगळेच पडलेत मंजे? मला सांगतीस ते नीट सांग."

स्नेहलला सांगता येईना. सावित्रीताई म्हणाल्या, "मग आधी ते शोधून काढ. कारण तेच असेल तर आणखी घे. नुसती सरासरी खाली आणायची म्हणून घेऊ नको, असं म्हणायची ती." दुसरी एक बाई म्हणाली, "आजींना पटलेला पंख्यांचा शेअर कुठे आहे सध्या?" सगळ्या हसल्या. तो अजून खालीच आहे म्हणे. आईसुद्धा हसली. "मला काय ठावं, उन्हाळ्यात समदेच पंखे घेत्यात," म्हणाली.

प्रतिभा गेल्यापासून घरात पहिल्यांदाच हसणं झालं. मला वाईट वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कुंदन आला होता. "दाजी, ताईचा मोबाइल चालू आहे ना? ओटीपी त्यावरच येतो. मी बसतो, सगळं विकून टाकू. बाजार आणखी पडणार आहे. माझ्याकडे एक पक्की टीप आहे, त्यात टाकू."

सृष्टी म्हणाली, "मामा, ते मम्मीच्या नावाने खोटी सही करण्यासारखं आहे. आधी ब्रोकरला कळवायचं, मग खातं बंद होतं, मग शेअर पप्पांच्या नावावर येतात."

"तोवर राहील काय?"

मी म्हणालो, "विकायचेच नाहीत. शब्द दिलाय."

"कावळ्याला ना? दाजी, कावळा काय सेबीत नोकरीला आहे का?"

मला ते आवडलं नाही. मी उठून तुळशीला पाणी घातलं. कुंदन वाईट नाही. ताईवर त्याचा जीव होता, आणि रामकुंडावर सगळ्यात जास्त तोच रडला. पण त्याची टीप दर महिन्याला पक्की असते.

१ मार्च, शनिवार

सकाळी कॉलेज रोडला ब्रोकरच्या ऑफिसात गेलो. मृत्यूचा दाखला, फॉर्म, माझं नवीन खातं. प्रतिभाने प्रत्येक ठिकाणी माझं नाव नॉमिनी म्हणून दिलेलं होतं. पॅन, आधार, बँक, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "एवढं नीट कोणी ठेवत नाही हो. लोक दोन-दोन वर्षं चकरा मारतात." मला अभिमान वाटला. आमच्या गिअरच्या कंपनीच्या दर्जा तपासणी विभागातसुद्धा असं काम करणारी माणसं थोडी आहेत.

मी विचारलं, "नॉमिनी म्हणजे आता मालक मीच ना?" त्या म्हणाल्या, "नाही. तुमच्याकडे येणार, पण वारसांसाठी तुम्ही सांभाळणार. मुलीचाही हक्क आहे." सांभाळणार हा शब्द मला बरा वाटला.

दुपारी बायकांना हे सांगितलं. त्या सगळ्यांचाही समज नॉमिनी म्हणजे मालक असाच होता. एकीने तर नॉमिनी म्हणून लग्नाआधी वडिलांचं नाव लावलं होतं, ते अजून तसंच आहे. तिने तिथेच फोन काढला. माझ्याकडून कोणाला काही कळलं अशी ही पहिलीच वेळ.

१७ मार्च, सोमवार

आज कंपनीत कॅमेऱ्याचं मशीन चालू झालं. गिअर पट्ट्यावरून जातो, मशीन फोटो काढतं आणि खराब असेल तर बाजूला टाकतं. साहेबांनी मला स्टोअरला बसवलं. पगार तोच. "हिरामणराव, आता आराम करा," म्हणाले. हातातली मापं घ्यायची गेज जमा करायला सांगितली. जमा केली.

घरी सांगितलं नाही. सृष्टीची परीक्षा जवळ आली आहे. प्रतिभा असती तर तिला सांगितलं असतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली नाही.

१२ एप्रिल, शनिवार

शेअर माझ्या नावावर आले. सृष्टीने लॅपटॉपवर दाखवले. निम्म्याच्या आसपास गुंतवणूक एकाच ठिकाणी आहे, आणि ती आमच्याच कंपनीत. हे मला आज कळलं.

बायकांना सांगितल्यावर स्नेहल ओरडलीच. "निम्मे? आणि आम्हाला एकात दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत! वर नियम काय, तर पगार जिथून येतो तिथले शेअर घेऊ नका. कंपनी बुडाली तर दोन्ही जातात म्हणायच्या."

सावित्रीताई म्हणाल्या, "मी विचारलं होतं तिला. तू आम्हाला रागावतेस आणि स्वतः काय करतेस? तर म्हणाली, ही माझी एकच चूक आहे आणि ती मला दुरुस्त करायची नाही."

"आणि कारण? कारण काय बोलल्या होत्या?"

"कारण बोलली की. आजी होत्या त्या दिवशी." सावित्रीताईंनी माझ्याकडे बघितलं. "म्हणाली, तिथला माल आमचे हे तपासतात. खराब काही बाहेर जायचं नाही. एवढंच. आजींना लगेच पटलं."

मी चहा करायला आत गेलो. साखर घालायची राहिली. सगळ्यांनी तसाच प्यायला.

ती हे बोलली तेव्हा मी आतल्या खोलीतच असणार. प्रतिभा हिशेबात इतकी पक्की होती, तिच्याकडून अशी चूक कशी झाली याचं नवल वाटतं.

१९ एप्रिल, शनिवार

आज बायकांना येऊ नका म्हणून सांगितलं. सृष्टीला अहमदाबादच्या कॉलेजात मास्टर्सला प्रवेश मिळाला. आर्किटेक्चरचं हे कॉलेज तिच्या आईनेच शोधून काढलं होतं. फी मे संपेपर्यंत भरायची आहे. मी पेढे आणले, पण मग दोघांनाही खाववेना.

ती म्हणाली, "पप्पा, मी एक वर्ष थांबते. नोकरी करते."

"थांबायचं नाही. कर्ज काढू."

"शेअर असताना कर्ज?"

मी पेढ्यांचा डबा बंद केला.

"पप्पा, मम्मीने हे कशासाठी जमवलं होतं?"

"तुझ्यासाठी. पण मी शब्द दिलाय."

"मम्मी विकायची, माहीत आहे ना तुम्हाला? दरवर्षी काहीतरी विकायची. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन कशावर झालं?"

"कंपनीच्या मेडिक्लेमवर."

"थोडंसं. बाकीचं मम्मीने शेअर विकून भरलं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून सांगितलं नाही."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गुडघा अजिबात दुखत नाही. तिने डॉक्टरही चांगला शोधला होता.

पण विकायची ती. तिला अधिकार होता. मी तिला शब्द देऊन बसलो आहे आणि तो शब्द तिने घेतला, हे सगळ्यांनी बघितलंय. आता मोडला तर तिचं काय होईल? हे कोणाला विचारताही येत नाही. सृष्टीला तर नाहीच.

१० मे, शनिवार

आमच्या कंपनीचा शेअर खाली जातो आहे. मोठं गिऱ्हाईक इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळलं, त्यांना गिअर कमी लागतात. हे पेपरात आलं आहे. मी जेवणाच्या सुट्टीत रोज भाव बघतो. स्टोअरमध्ये वेळ असतो. बघितल्यावर जेवण जात नाही.

सावित्रीताईंना विचारलं, प्रतिभा किती वेळा बघायची? "शनिवारी एकदा. रोज बघितलं की रोज काहीतरी करावंसं वाटतं म्हणायची. भाऊ, तुम्ही रोज बघता का?" मी हो म्हणालो. "ताप मोजतो तसं करू नका," म्हणाल्या. "सारखा मोजून उतरत नाही तो."

स्नेहलने पाइपवाल्या कंपनीचं शोधून काढलं. त्यांनी दुसऱ्याच धंद्यात पैसा घातला होता. तिने आणखी घेतले नाहीत, होते तेही विकले. तोटा झाला. रडवेली झाली होती. पण सगळ्यांना स्पष्ट सांगितलं तिने. मला तिचं कौतुक वाटलं. मला ते जमत नाही.

१८ मे, रविवार

कळवणला आईकडे जाऊन आलो. ती महिन्यापूर्वीच गावी परतली. ओट्यावर लसणाच्या पाती विणत होती. मी शेजारी बसून तिला एकेक गड्डा हातात देत राहिलो. तिनेच विचारलं, "काय झालं रे? तोंड काहून उतरलं?"

मी सगळं सांगितलं. फी, शेअर, शब्द. शेवटी विचारलं, "आई, शब्द मोडला तर तिला लागेल का?"

आई विणता विणता म्हणाली, "कावळा तुझ्या बोलन्यावर नाय आला रे."

"मग?"

"तू पिंडाला खेटून हुबा होता. कावळा मानसाला भितो का नाय? ते गुरुजी दोनदा म्हनले, मागं सरा, मागं सरा. तुला ऐकूच नाय आलं. बोलून झालं आन् तू मागं गेला, तवा तो खाली आला."

"तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"लय रडत होता तू. शब्द दिला आन् जरा निवांत झाला. मी काहून मोडू?"

"आता सांगतेस ते?"

"आता तू पोरीच्या आडवा येतो म्हनून सांगते." मग लगेच म्हणाली, "पर इकू का नको ते मला नको इचारू बाबा. माझ्या पंख्याचं काय झालं समद्यांना ठावं हाय."

आई म्हणते ते खरं असेल. गुरुजी मागे सरा म्हणाले होते हे मला आठवत नाही. मला फक्त तिथून हलायचं नव्हतं, एवढं आठवतं.

येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. वणीपर्यंत डोळा लागला होता. खूप दिवसांनी.

२१ मे, बुधवार

कंपनीचे वर्षाचे निकाल काल संध्याकाळी आले. नफा घटला आहे. ऑफिसात विचारलं की मला शेअर विकता येतील का. कंपनीच्या माणसांना निकालाच्या आधी विकायला बंदी असते म्हणून विचारलं. निकालानंतर दोन दिवस गेले की विकता येतात, म्हणाले. मी लेखी विचारलं, त्यांनी लेखी दिलं. प्रतिभाने असंच केलं असतं.

२४ मे, शनिवार

आज मी बायकांसोबत बाहेर बसलो होतो. सृष्टीही होती. मी सावित्रीताईंना विचारलं, "विकतानाही कारण बोलायचं असतं का?"

"असतं की. ज्या कारणाने घेतला ते संपलं असेल तर विकायचा. भाव पडला म्हणून नाही आणि चढला म्हणूनही नाही. पैशाची खरी गरज असेल तर तेही कारण, पण मग आधी कोणता विकायचा? तर ज्याचं कारण संपलंय तो."

मला वाटलं होतं की लिहून आणावं. पण एकच वाक्य होतं.

मी म्हणालो, "आमच्या कंपनीचे विकायचे आहेत. माल आता मी तपासत नाही."

कोणाला आधी कळलंच नाही. सृष्टीला कळलं. "म्हणजे काय, पप्पा?"

"मशीन आलंय. मी स्टोअरला असतो."

"कधीपासून?"

"मार्च."

"मार्चपासून? आणि रोज विचारते तेव्हा 'नेहमीचंच काम' म्हणता?"

"पगार तोच आहे."

"पगाराचं कोण विचारतंय!" ती उठून आत गेली. स्नेहल तिच्या मागे गेली. मला वाटलं सृष्टी रागावली. थोड्या वेळाने बाहेर आली, डोळे लाल होते, आणि माझ्या खुर्चीच्या हातावर बसली. लहान असताना बसायची तशी. खुर्ची कुरकुरली.

सावित्रीताईंनी डोळे पुसले. मग नर्ससारखा आवाज काढून म्हणाल्या, "कारण ऐकलं ना सगळ्यांनी? कोणाला शंका आहे?"

कोणाला नव्हती.

२६ मे, सोमवार

विकले. सृष्टीने कुठे दाबायचं ते दाखवलं, पण बटण मीच दाबलं.  सगळे एकदम गेले. मला वाटलं होतं वेळ लागेल.

सृष्टी म्हणाली की कर मोजताना माझी तारीख धरत नाहीत, प्रतिभाने घेतले ती तारीख धरतात, आणि तिने दिलेलीच किंमत. म्हणून कर कमी बसेल. कायद्यात हे कोणी लिहिलं असेल कोण जाणे. मला चांगलं वाटलं.

बाकीचे ठेवले आहेत. त्यांची कारणं अजून आहेत असं बायका म्हणतात. एकेक करून मला समजावून सांगणार आहेत.

संध्याकाळी रामकुंडाकडून आलो. मुद्दाम गेलो नव्हतो, पंचवटीत काम होतं. भिंतीवर कावळे होते. मी लांबच उभा राहिलो. म्हणालो, "प्रतिभा, विकले." बाजूचा एक माणूस माझ्याकडे बघायला लागला, म्हणून निघालो.

३० मे, शुक्रवार

फी भरली. पावती आली.

७ जून, शनिवार

मी विकल्यापासून आमच्या कंपनीचा शेअर चढतो आहे. नवीन ऑर्डर मिळाली म्हणे. कुंदनचा सकाळीच फोन आला. "दाजी, आठ दिवस थांबला असता तर! मी सांगत होतो." मी म्हणालो, "तू तर फेब्रुवारीतच विका म्हणत होतास." तो थांबला आणि हसायला लागला. "ताईसारखं बोलायला लागलात," म्हणाला. अहमदाबादला सृष्टीला सोडायला गाडी घेऊन येतो म्हणाला.

दुपारी बायका आल्या. त्यांनाही भाव कळला होता, पण कोणी विषय काढत नव्हतं. माझ्यासाठी गप्प होत्या हे मला समजलं. शेवटी स्नेहलनेच विचारलं. तिचा पाइपवालाही विकल्यावर थोडा वर आला आहे.

"भाऊ, विकल्यावर वर गेला तर काय करायचं? मन खातं हो."

सगळ्यांनी सावित्रीताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हे तिला कधी कोणी विचारलंच नाही. की विचारलं होतं? मला तर आठवत नाही बाई."

 मग मी म्हणालो, "फी भरायची होती, ती भरली. त्यासाठी विकला होता. आता वर गेला तर तो ज्याने घेतला त्याचा. त्याच्याही घरात कोणीतरी शिकत असेल."

स्नेहल माझ्याकडे बघत राहिली. "हे प्रतिभाताई म्हणायच्या?"

"नाही," मी म्हणालो. "हे मी म्हणतोय."

सावित्रीताई हसल्या. मग स्नेहलने आणखी एक प्रश्न विचारला. मोठ्या कंपनीचे शेअर घ्यावेत की महिन्याला म्युच्युअल फंडात टाकावेत. त्याचं उत्तर मला आलं नाही. तसं सांगितलं. पुढच्या शनिवारपर्यंत शोधून ठेवतो म्हणालो.